खडकवासल्यावर उतरणारं १९३८चं विमान: स्केल ठरवण्याआधी ठरवायच्या गोष्टी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या काही मित्रांचा गट वीसेक मिनिटांचा लघुपट करतोय. १९३८ साली लोकांनी जे भविष्य रंगवलं होतं तेच पुढे खरं झालं, अशा काळात गोष्ट घडते. त्यात मुंबईहून निघालेलं एक अवाढव्य प्रवासी विमान खडकवासल्याच्या पाण्यावर उतरतं. अर्थात त्याचं किट मिळणार नाही, सगळं मुळापासून बनवायचंय. विचारलंय ते हे: स्केल किती घ्यावं, थ्री-डी प्रिंट करावं की हाताने, आणि पडद्यावर खेळणं वाटू नये म्हणून डिटेलिंग किती करावं? सोबत जोडलेल्या स्केचमध्ये एकावर एक असे दुहेरी पंख आहेत, बारा प्रॉपेलर आहेत, शेपटीला दोन जेट, अंगभर रिव्हेट (पत्रे जोडणारे खिळे) आणि नाकावर पितळी दातेरी चाकं.

मी बरीच वर्षं जाहिरातींसाठी आणि चित्रपटांच्या कलाविभागांसाठी मॉडेलं करतोय. त्या अनुभवावरून सांगतो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं न विचारलेल्या दोन प्रश्नांवर अवलंबून आहेत. हे विमान नेमकं कुठल्या सालातून पाहिलेलं स्वप्न आहे? आणि कॅमेरा त्याच्या सगळ्यात जवळ कुठे उभा राहणार आहे? पहिल्यावर आकार ठरतो, दुसऱ्यावर बाकी सगळं: स्केल, मटेरियल, खर्च, किती रात्री जागायचं तेही.

आधी सालाचं बघू. भविष्याची कल्पना कायम कुठल्यातरी एका वर्षात बसून केलेली असते, आणि त्या वर्षीच्या माणसाला जे ठाऊक नव्हतं ते तिच्यात नसतं. १९३८च्या माणसाला जेट ठाऊक नव्हतं. जेट इंजिनाचं फ्रँक व्हिटलचं पेटंट १९३०चं, हे खरं. पण जेटवर उडालेलं पहिलं विमान, हाइन्केल एचई १७८, हवेत गेलं २७ ऑगस्ट १९३९ला, तेही लोकांपासून लपवून. म्हणजे १९३८च्या स्वप्नात 'मोठं आणि ताकदवान' याचा अर्थ एकच: आणखी इंजिनं. डॉर्नियर डीओ एक्स पाहा. १९२९ साली उडालेली ही जर्मन उडती बोट. पंखांचा विस्तार ४८ मीटर, लांबी ४० मीटर, आणि पंखाच्या वर सहा जोड्यांमध्ये पाठीला पाठ लावलेली बारा इंजिनं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिने एका फेरीत १६९ माणसं उचलली होती. त्याच सालच्या युंकर्स जी ३८मध्ये काही प्रवासी चक्क पंखाच्या पुढच्या कडेत बसून समोरचं आकाश बघत जायचे. आणि अमेरिकेत नॉर्मन बेल गेडेसने कागदावर काढलेल्या विमानाचे पंख १६१ मीटरचे होते. ते बनलं नाही, पण तुमच्या लघुपटाचं खरं कुळ तेच.

म्हणून स्केचमधले जेट काढा. दातेरी चाकंही काढा, ती वाफेच्या इंजिनाच्या, एकोणिसाव्या शतकाच्या स्वप्नातली आहेत. दुहेरी पंखांबद्दल मी थोडा घुटमळलो, कारण १९३८ साली दुहेरी पंखांची विमानं उडत होती. पण तेव्हाच्या माणसाला ती कालची वाटत होती. उद्याचं विमान म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर एकच जाड, लांबलचक पंख आणि गुळगुळीत धातू यायचा.

माझा एक ठोकताळा आहे. प्रेक्षक एक मोठी थाप बिनतक्रार पचवतो, चार लहान थापा पचवत नाही. तुमची थाप म्हणजे विमानाचा आकार आणि ते खडकवासल्यात उतरतं ही गोष्ट. बाकी प्रत्येक भागाला कारण हवं. पाण्यावर उतरणाऱ्या विमानाची इंजिनं पंखाच्या वर का? तर उडणारे फवारे प्रॉपेलरवर येऊ नयेत म्हणून. बोटीच्या तळाला मध्येच एक पायरी का? कारण ती नसेल तर पाणी तळाला चिकटून बसतं आणि विमान पाण्यातून सुटत नाही. धडाच्या दोन्ही बाजूंना आखूड, जाड पंख का? पाण्यावर उभं असताना कलंडू नये म्हणून. या गोष्टी प्रेक्षकाला सांगाव्या लागत नाहीत. पण डिझाइन करणाऱ्याला त्या माहीत असल्या की आकारात एक शहाणपण येतं, आणि ते न कळता दिसतं.

भारतीयपणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण स्केचच्या कडेला कमळं आणि कोयऱ्या काढलेल्या दिसल्या म्हणून सांगतो. त्यांची गरज नाही. वालचंद हिराचंदांनी बंगळूरला विमान कारखाना काढला तो १९४० साली. तिथेच पुढे डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या आराखड्यावर बनलेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१मध्ये उडालं. त्याचे फोटो शोधून बघा, एकही अलंकार नाही. साधं, कामापुरतं, नीटनेटकं विमान. आपल्याकडचं विमान वेगळं दिसेल ते आपल्या हवेमुळे. उन्हाळ्यासाठी मोठे ऑइल कूलर, इंजिनाच्या तोंडाशी धुळीचे फिल्टर, खिडक्यांना आतून पडदे, धक्क्याला लागल्यावर दारावर ताणलेला कॅनव्हासचा मांडव. धडावर देवनागरीत नाव आणि पंखावर भारतीय विमानांची 'व्हीटी'ने सुरू होणारी नोंदणी अक्षरं. जे. आर. डी. टाटांनी १९३२ साली कराचीहून मुंबईला आणलेल्या पस मॉथ विमानावरही व्हीटीच होतं, त्यामुळे हे काळाला धरून आहे.

आकार पक्का करण्याआधी बाजूचं, वरचं आणि समोरचं रेखाटन काळ्या शाईने पूर्ण भरून टाका आणि अंगठ्याएवढं लहान करून बघा. त्या काळ्या डागावरून विमान ओळखू येत नसेल तर रिव्हेट आणि रंग त्याला वाचवणार नाहीत.

आता कॅमेरा. तुमचं विमान डीओ एक्सएवढंच, ४८ मीटरचं धरू. १:२४ला, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाएवढं केलं तर, मॉडेलचे पंख दोन मीटर होतात, १:३२ला दीड मीटर, १:४८ला एक मीटर, १:७२ला ६७ सेंटीमीटर. 'जेवढं मोठं तेवढं चांगलं' असं सगळे सांगतील. फोकसच्या दृष्टीने ते खरंही आहे. पण दोन मीटरचं मॉडेल सदाशिव पेठेतल्या फ्लॅटच्या जिन्यावरून खाली उतरत नाही, आणि ते धरायला लागणारा सांगाडा, स्टँड, टेम्पो, सगळंच त्याच्याबरोबर वाढतं. तुमच्या गटाला मी १:४८ सुचवेन. कारण तुमच्या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा शॉट, म्हणजे तलावावरून येणारं विमान, एक मीटरच्या मॉडेलवर आणि जवळजवळ फुकटात होतो.

तो असा. मॉडेल कॅमेऱ्यापासून दोन मीटरवर स्टँडवर लावायचं आणि त्याच्यामागे खराखुरा तलाव. १:४८ला दोन मीटर म्हणजे विमान ९६ मीटरवर असल्यासारखं दिसतं. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमीची लेन्स, तिचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ १६, म्हणजे बरंच बारीक, आणि फोकस साधारण सव्वा मीटरवर ठेवला की साठ-पासष्ट सेंटीमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. मॉडेलही, समोरचे डोंगरही. लेन्स जितकी रुंद आणि सेन्सर जितका लहान, तितकं हे सोपं. म्हणून या कामाला महागड्या कॅमेऱ्यापेक्षा कधीकधी साधा फोन बरा पडतो. 'खेळणं दिसतं' या तक्रारीचं सगळ्यात मोठं कारण डिटेलची कमतरता नसतं. नाक स्पष्ट आणि शेपूट धूसर, असा फोकस असतो. शंभर मीटरवरच्या खऱ्या विमानाचा फोटो तसा येतच नाही, आणि हे डोळ्याला बरोबर कळतं.

या पद्धतीचा दुसरा फायदा उन्हाचा. मॉडेलवर आणि डोंगरावर एकच सूर्य पडतो, त्यामुळे प्रकाश जुळवण्याची कसरत नाही. हिवाळ्यात सकाळी धरणाच्या बाजूने पश्चिमेकडे तोंड केलं तर सूर्य आग्नेयेला, म्हणजे तुमच्या मागे डावीकडे असतो, आणि धडाची गोलाई छान उठून दिसते. वारा सुटायच्या आत काम उरका. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट हवा. पॅन करायचाच असेल तर कॅमेरा लेन्सच्या प्रवेशबिंदूभोवतीच, म्हणजे समोरून पाहताना लेन्सचं छिद्र जिथे दिसतं त्या बिंदूभोवतीच, फिरला पाहिजे, नाहीतर मॉडेल आणि डोंगर एकमेकांवरून सरकतात आणि सोंग उघडं पडतं. त्या परिसरात धरण आहे, जवळच एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) हद्द आहे. परवानगी घेतल्याशिवाय स्टँड लावू नका.

हे सगळं करून बघायला मॉडेल लागत नाही. पुठ्ठ्याचं, एक मीटर पंखांचं, ओबडधोबड विमान कापा आणि एका रविवारी तिथे घेऊन जा. फोटोत ते फार लहान किंवा फार मोठं वाटलं तर स्केल तिथेच बदला. पुठ्ठा बदलायला एक संध्याकाळ लागते, तयार मॉडेल बदलायला अख्खा हंगाम.

आता अडचणीचा भाग: पाणी. मॉडेलला पाणी लावू नका. थेंबाचा आकार पाण्याच्या पृष्ठताणामुळे ठरतो, आणि तो तुमच्या स्केलचं ऐकत नाही. १:४८च्या मॉडेलमागे उडालेला थेंब पडद्यावर कलिंगडाएवढा दिसतो. पाण्याची मिनिएचर करणारे शक्यतो १:१०पेक्षा लहान जात नाहीत. तुमचं विमान १:१०ला जवळजवळ पाच मीटर होईल. तेव्हा उतरणं कापून दाखवा. विमान खाली येतं, धक्क्याच्या भिंतीआड जातं. लगेच पायऱ्यांवर आदळणारी खरी लाट, भिजलेली धोतरं, उलटी झालेली छत्री. मग नांगरलेलं विमान, पण त्याचा तळ पुढच्या खऱ्या नावेच्या मागे झाकलेला. स्टँडवरच्या मॉडेलचं प्रतिबिंब तलावात पडत नाही, म्हणून वॉटरलाइन, म्हणजे विमान पाण्याला टेकतं ती रेषा, झाकणं भागच आहे. प्रतिबिंब हवंच असेल तर तेवढा शॉट घरी, काळ्या अ‍ॅक्रिलिकच्या चकचकीत शीटवर घ्या.

फ्रेमरेटचा गोंधळ नेहमी होतो, म्हणून दोन ओळी. जिथे गुरुत्वाकर्षण दिसतं, म्हणजे काही पडतं, फुटतं, डोलतं, उसळतं, तिथे स्केलच्या वर्गमुळाइतका वेग वाढवून चित्रित करायचं. ४८चं वर्गमूळ सुमारे ६.९, म्हणून नेहमीच्या २४च्या जागी सेकंदाला १६६च्या आसपास फ्रेम. १:२४ला ११८. पण शांतपणे उडणाऱ्या विमानात काहीच पडत नसतं, त्यामुळे तिथे हा नियम लागू नाही. तिथे उलट हळू काम करा. घरात अंधार करून, स्लायडरवर कॅमेरा इंचाइंचाने सरकवत, एकेक फ्रेम फोटोसारखी घ्या. प्रत्येक फ्रेम एक सेकंद उघडी. असं केलं की एफ २२वरही साध्या दिव्यात भागतं. प्रॉपेलरला मिनिटाला ६० फेऱ्यांची गिअर मोटर लावली की एका सेकंदात एक पूर्ण फेरी होते, आणि फोटोत प्रॉपेलरची नितळ चकती उमटते. अशा मोटरी तपकीर गल्लीत मिळतात. पाच सेकंदांच्या शॉटला १२० फोटो. चहा पीत होण्यासारखं काम आहे.

बांधणीकडे वळतो. सांगाड्यापासून सुरुवात. पंखाच्या आरपार जाणारी अ‍ॅल्युमिनियमची चौकोनी नळी आणि धडातून तिला काटकोनात छेदणारी दुसरी. या सांगाड्यात चार ठिकाणी नट बसवून ठेवा: पोटात, पाठीवर, शेपटीच्या टोकाला आणि नाकात. प्रत्येक शॉटमध्ये मॉडेल कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूने धरायचं असतं, आणि ती बाजू दर वेळी वेगळी असते. न वापरलेल्या भोकांवर झाकणं बसतील अशी सोय आधीच करा. नवशिके इथेच चुकतात. ते एकाच आधाराचं सुंदर मॉडेल करतात, मग दिग्दर्शकाला खालून शॉट हवा असतो, आणि रंगवलेल्या पाठीत ड्रिल घालावं लागतं.

धडासाठी एक्सपीएस फोम, म्हणजे बांधकामात उष्णतारोधनासाठी वापरतात ते निळे किंवा गुलाबी दाट शीट. साधा थर्माकोल नको, त्याचे दाणे सुटतात. तुमच्या रेखाटनाचे दर पाच सेंटीमीटरवरचे आडवे छेद ३ मिमी प्लायमध्ये कापा, मधल्या जागा फोमने भरा, आणि प्लायच्या कडेपर्यंत घासत आणा. प्लाय हाच तुमचा फरमा, त्यामुळे डावी-उजवी बाजू आपोआप सारखी येते. त्यावर पातळ ग्लास फायबरचं कापड आणि इपॉक्सी. इथे नीट लक्ष द्या: इपॉक्सीच. स्वस्तात मिळणारं पॉलिएस्टर रेझिन एक्सपीएसला विरघळवून टाकतं, आणि थिनरवाला स्प्रेही तेच करतो. इपॉक्सीचा थर पूर्ण सुकला की मग गाड्यांची पुट्टी, वॉटर पेपर, परत पुट्टी. हा भाग कंटाळवाणा आहे आणि त्याला पर्याय नाही. घासताना मास्क, रेझिनला हातमोजे, खिडकी उघडी.

पंखासाठी मी प्लायच्या फासळ्यांवर १ मिमीचं हाय-इम्पॅक्ट पॉलिस्टायरिन शीट गुंडाळतो. ते कटरने ओरखडून मोडता येतं, सॉल्व्हंटने जुळतं आणि त्याच्या कडा धारदार राहतात. साइनबोर्डवाल्यांचं सनबोर्ड या कामाला चालत नाही. वाकवलं की कडेला सुरकुत्या पडतात.

थ्री-डी प्रिंटचं माझं मत असं आहे. मीटरभराचं धड प्रिंट करायचं तर घरगुती मशिनवर त्याचे कित्येक तुकडे होतात, आणि प्रत्येक सांधा आणि थरांच्या रेषा घासून काढण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात फोमचं धड कोरून होतं. पण इंजिनं? ती जरूर प्रिंट करा. एकच इंजिन रेझिन प्रिंटरवर काढा, नीट साफ करा, सिलिकॉनचा साचा करा आणि बारा ओता. बारा वेगवेगळ्या प्रिंटपेक्षा बारा ओतीव इंजिनं जास्त सारखी येतात. इंजिनावरची गोल टोपी तर प्रिंटही करू नका. एकाच कंपनीच्या डिओडरंटची बारा झाकणं गोळा करा, काम झालं. कॅलक्युलेटरची बटणं, इंजेक्शनच्या सुईमागचा प्लास्टिक भाग, जुन्या रेडिओतल्या उष्णता घालवणाऱ्या धातूच्या पट्ट्या, सगळं जुन्या बाजारात किलोने मिळतं. बोहरी आळीत शिरताना यादी करून जा, नाहीतर दिवस जातो आणि हाती बिजागऱ्या लागतात.

आता तिसरा प्रश्न: डिटेल किती? याचं उत्तर मोजून देता येतं, आणि मोजलं तर पुष्कळ श्रम वाचतात. वर सांगितलेल्या तलावाच्या शॉटमध्ये, दोन मीटरवर, २४ मिमी लेन्सची फ्रेम सुमारे तीन मीटर रुंद असते. फोर-के चित्रात आडवे ३८४० पिक्सेल. म्हणजे मॉडेलवरचा एक पिक्सेल जवळजवळ ०.८ मिमीचा. खऱ्या विमानावरचं रिव्हेटचं डोकं पाच-सहा मिमीचं धरलं तर १:४८ला ते ०.१ मिमीच्या आसपास. पिक्सेलचा आठवा भाग. ते दिसणारच नाही. आणि दिसेल इतकं मोठं केलंत तर मॉडेल १:१०चं, म्हणजेच लहान विमान वाटायला लागेल. अंगभर रिव्हेटचा हाच सापळा आहे. आपण विमान मोठं दाखवायला रिव्हेट लावतो आणि त्यांनीच ते लहान होतं.

मग मोठेपण कशाने कळतं? माणसाच्या मापाच्या गोष्टींनी. १.८ मीटरचं दार १:४८ला साडेसदतीस मिमी. चाळीस सेंटीमीटरची खिडकी सव्वाआठ मिमी. कठडा, शिडी, दोरखंडाचा हूक. या मापांवर कंजूषी नको. माप थोडं इकडेतिकडे झालं तरी डोळ्याला खटकतं, कारण दार किती उंच असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. खिडक्या सगळ्या सारख्या उजळू नका. काहींत पडदा अर्धा ओढलेला, दोन-तीन पूर्ण अंधाऱ्या, एखाद्या खिडकीत कापलेल्या कागदाची डोक्याची सावली. प्रकाश पिवळसर एलईडीचा, पण डिमरवर नको. स्वस्त डिमर दिवा वेगाने चालू-बंद करत असतो, आणि जास्त फ्रेमच्या चित्रणात ते लुकलुकतं. बॅटरी आणि रेझिस्टर पुरे. धडाला आतून आधी काळा रंग आणि मगच पांढरा, नाहीतर पुट्टीच्या पातळ जागांतून उजेड झिरपतो.

क्लोज-अप हवाच असेल, समजा नायिका दारातून उतरते, तर अख्खं मॉडेल त्या दर्जाचं करू नका. फ्रेम तीस सेंटीमीटर रुंद असेल तेव्हा पिक्सेल ०.०८ मिमीचा होतो, आणि तिथे प्रत्येक ओरखडा बोलतो. त्याऐवजी दार आणि शेजारच्या दोन खिडक्या प्लायमध्ये खऱ्या मापाच्या उभारा. सेटचा एवढा तुकडा कुठलाही सुतार दोन दिवसांत करून देतो. त्यावरची रिव्हेट तेव्हा खऱ्या मापाची असतील, कारण माणूस शेजारी उभा असेल. मॉडेलच्या आणि या तुकड्याच्या पत्र्याचा रंग एकाच डब्यातून घ्या.

रंग हा माझा आवडता भाग, पण इथे आवरतं घेतो. पत्र्यांमधल्या रेषा खोदण्यापेक्षा पत्र्यांच्या छटा बदला. एकाच अ‍ॅल्युमिनियम रंगात तीन-चार वेगळ्या मिसळी करून शेजारशेजारचे पत्रे थोडे वेगळे रंगवा. मोठ्या धातूच्या विमानाचा फोटो नीट बघितलात तर हेच दिसेल. चमक मात्र कमी, साटिन. चकचकीत मॉडेलवर स्टुडिओचा दिवा दिसतो आणि सगळं उघडं पडतं. सगळे रंग खऱ्यापेक्षा एक छटा फिके ठेवा. दूरच्या वस्तू हवेमुळे फिक्या दिसतात, आणि तुमची वस्तू शंभर मीटरवरची आहे. मळवायचं तर इंजिनांमागून वाऱ्याच्या दिशेने जाणारे तेलाचे काळपट ओघळ, आणि बोटीच्या तळाला पाण्याच्या रेषेवर हिरवट शेवाळी पट्टा. तांबडा गंज नको. ही विमानं ड्युरॅल्युमिनियमची असायची, त्याला लोखंडासारखा गंज चढत नाही. नव्या मुलांच्या मॉडेलवर हा गंज हमखास दिसतो, आणि विमानवाला प्रेक्षक तिथेच हसतो.

उजव्या पंखाच्या टोकाला हिरवा दिवा, डाव्या टोकाला लाल. संकलक एखादा शॉट उलटा फिरवतो तेव्हा हे दिवे आणि नोंदणी अक्षरं दोन्ही उलटतात. त्याला आजच सांगून ठेवा. उलटा शॉट लागणारच असेल तर उलट्या अक्षरांचे स्टिकर आधीच कापून ठेवा.

वेळापत्रकाचं म्हणाल तर पुण्याचा पाऊस लक्षात घ्या. जून ते सप्टेंबर दमट हवेत लॅकर रंग मारला की त्यावर पांढुरकी साय धरते, अ‍ॅल्युमिनियम तर पार मेल्यासारखं दिसतं. फोम कोरणं, पुट्टी, साचे ही कामं पावसाळ्यात घ्या. रंग ऑक्टोबरनंतर, आणि तोही दुपारी, पहाटेच्या दवात नाही. थांबता येत नसेल तर थिनरमध्ये रिटार्डर (रंग सुकणं लांबवणारा द्राव) घाला. त्याने साय कमी धरते, पण सुकायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ धूळ बसते.

'हे सगळं कॉम्प्युटरवरच का करू नये' असाही उपप्रश्न होता. तुमच्यात ते काम येणारा कोणी असेल, त्याला उजेड आणि धातू नीट जमत असेल, तर दूरचे शॉट तिकडेच करा, मला वाईट वाटणार नाही. तसा कोणी नसेल तर मॉडेल करा. त्याच्यावर खरं ऊन पडतं, आणि खरं ऊन हिशोबात चुकत नाही. आकाशात मागे आणखी दोन विमानं हवी असतील तर त्याच मॉडेलचे वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढा, कापा आणि लहान करून मागे चिकटवा.

वाहतुकीसाठी मॉडेलच्या आधी पेटी बनवा, नट बसवलेले तेच बिंदू पेटीच्या तळाला स्क्रूने जोडता येतील अशी. आणि प्रॉपेलर बाराच ओतू नका, चार-पाच जास्तीचे ठेवा. सिंहगड रोडच्या खड्ड्यांत पहिले तेच तुटतात.